पुढची बांधी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या बाजारात बाई भांड्यांच्या दुकानाकडे वळल्या की दुकानदार उठून उभा राहायचा. आदरानं नव्हे, धास्तीनं. बाई आत शिरायच्या, मांडलेला एकेक गंज, एकेक पाण्याचा गुंड उचलायच्या आणि बोटाच्या पेरानं ठणकन वाजवायच्या. डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकायच्या. बहुतेक भांडी मुकाट जागेवर परत जायची. एखादं मात्र त्या हातात धरूनच गिऱ्हाइकांकडे वळायच्या आणि वर्गात उत्तर सांगावं तशा खणखणीत आवाजात सांगायच्या, "हे नोका घेऊ. बुडाशी चीर हाये."

"कुठी हाये चीर, बाई? मले तं दिसत नाई," दुकानदार रडकुंडीला यायचा.

"दिसन कशी? आवाजात हाये."

त्या भांड्यात खरंच चीर असायची की नाही, मी कधी तपासलं नाही. पण दुकानदार ते भांडं हळूच मागच्या फळीवर सरकवायचा, एवढं मी पाहिलं आहे.

मूलच्या कॉलेजात इतिहास शिकवायला मी नागपूरहून आले, तेव्हा मला खोली मिळाली ती एका बंद पडलेल्या राईस मिलच्या आवारात. मालक धंदा गुंडाळून निघून गेला होता आणि वटवाघळांपेक्षा बाई बऱ्या, म्हणून त्यानं मिल बाईंना वापरायला दिली होती. मुनीमजींसाठी बांधलेल्या दोन खोल्यांपैकी एकीत बाई राहायच्या, दुसरीत मी. मधली भिंत इतकी पातळ की पलीकडे बाई मातीच्या गोळ्याशी भांडत असल्या तर इकडे मला दोन्ही बाजू समजायच्या. "काऊन बसून राह्यली अशी? उभी राह्य नं!" असं पहाटे ऐकू आलं की समजावं, कुठल्यातरी मूर्तीचा गुडघा रात्रीतून खचला आहे.

बाई मूर्तिकार होत्या. नऊवारी लुगड्यावर पुरुषी शर्ट घालायच्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशात तार, चाकू आणि जवसाच्या चटणीची पुडी. गावोगावच्या चौकांसाठी महापुरुषांचे अर्धपुतळे आणि विहारांसाठी बुद्धमूर्ती करून त्यांचं पोट भरायचं. पुतळे न्यायला आलेले लोक कधीकधी म्हणत, "बाई, चेहरा जरासा हसरा करा नं." बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "दिवसभर उन्हात उभा राहून जो हसते, तो येडा दिसते. बुद्धाची गोष्ट वेगळी. त्याले तुम्ही सावलीत बसवता."

माणसं पाहण्याचं त्यांना व्यसन होतं. आठवडी बाजारात त्या एखाद्याच्या मागे लागायच्या आणि तो वळेल तिकडे वळायच्या. यावरून भांडणं व्हायची. एकदा दुपारी मला त्यांचा फोन आला.

"मास्तरीण, मातीवर पाणी शिंपड अन् ओला बारदाना झाक. मी वडशाले हावो."

"वडशाला? तुम्ही तर भाजी आणायला गेला होता."

"एक हमाल होता. त्याचा खांदा पाहून राह्यलो होतो. तो बसमध्ये चढला, मीबी चढलो. तो उतरला, मीबी उतरलो."

आमच्याकडे बायकाही 'येतो, जातो'च म्हणतात. बाई मुंबईत बरीच वर्षं राहून आल्या होत्या, पण त्यांच्या तोंडातून 'येते, जाते' एकदाही निघालं नाही.

बाईंचं बालपण माजरीला, खाणीच्या कॉलनीत गेलं. वडील जमिनीखाली कामाला. घरी आले की अंगणातल्या दगडावर पाठमोरे बसायचे आणि आई त्यांच्या पाठीवर पाणी ओतायची. "काळी पाठ हळूहळू मानसाची व्हायची," असं बाई सांगायच्या. नालीच्या कडेची चिकणमाती आणून त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर ती पाठ. शाळेतल्या गुरुजींनी विचारलं, हे काय आहे? त्या म्हणाल्या, बाबा. गुरुजी म्हणाले, तोंड कुठं आहे? त्या म्हणाल्या, तिकडं. आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

मग नागपूरला शिकल्या, बडोद्याला शिकल्या आणि मुंबईत एका नामवंत शिल्पकाराच्या कारखान्यात लागल्या. त्यांना त्या 'सर' म्हणायच्या, आजही म्हणतात. सरांकडे पुतळ्यांची कामं इतकी असत की माणसं वाटून घेतलेली होती. कोणी कपडे करायचा, कोणी घोडे, कोणी मिशा. बाईंकडे हात होते. राज्यातल्या कितीतरी चौकांत जे हात उंचावलेले, पुस्तक धरलेले, दिशा दाखवणारे आहेत, ते बाईंनी केलेले आहेत. खाली नाव सरांचं.

याबद्दल त्यांना मी कधी कुरकुरताना ऐकलं नाही. त्या सरांना सोडून आल्या ते वेगळ्या कारणानं. एकदा त्यांनी धीर करून सांगितलं होतं, मला माझी एक बाई करायची आहे. पूर्ण उंचीची, ब्राँझमध्ये. सर चांगल्या मनाचे होते. म्हणाले, "कर की. पण लहान कर. टेबलावर ठेवता येईल अशी." बाईंनी त्या दिवशीचा हात पूर्ण केला, पाण्यानं आपले हात धुतले आणि गावाकडच्या गाडीत बसल्या.

"टेबलावर ठेवायले ती काय फुलदाणी हाये?" एवढंच त्यावर त्यांचं भाष्य.

मी राहायला आले त्या पावसाळ्यात ती बाई सापडली. शेजारच्या खेड्यात धानाचे रोवणे चालू होते. चिखलात रांगेनं वाकलेल्या बायका, हातात रोपांच्या पेंढ्या. त्या रांगेतली एक मधेच उभी झाली. कमरेवर मागून दोन्ही हात टेकवले, हनुवटी वर केली आणि क्षणभर तशीच राहिली. बाई आणि मी बांधावर उभ्या होतो. त्यांनी माझं मनगट इतकं जोरात धरलं की बांगडी पिचली.

तिचं नाव शेवंता. पस्तिशी-चाळिशीची, उंच, रुंद खांद्याची आणि स्पष्ट बोलणारी. बाईंनी सरळ विचारलं, "माह्यासाठी उभी राह्यशील?"

"कशाले?"

"तुहा पुतळा करतो."

"मी काय मेली हावो?"

पण रोवणे संपल्यावर ती आली. मजुरी ठरली आणि ती मिलमध्ये त्या रोवण्याच्या पवित्र्यात उभी राहू लागली. गावात कुजबुज सुरू झाली. पुतळ्यासाठी उभं राहायचं म्हणजे काय काय करावं लागतं, याच्या कहाण्या पसरल्या. शेवंतानं त्यावर तिच्या पद्धतीचा उपाय केला. एका दुपारी ती आपल्या रांगेतल्या सगळ्या बायकांनाच घेऊन आली. "पाहा," म्हणाली, "लुगडं नेसून उभी राह्यतो. बस झालं?" त्या पाहायला आलेल्या बायका संध्याकाळपर्यंत हलल्या नाहीत. रोवण्यात लुगडं असं नाही खोचत, तसं खोचतात. मातीतल्या बाईच्या पोटऱ्या बारीक झाल्या. चिखलात अंगठा असा वर राहत नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, काही बदललं, काही नाही.

त्याच सुमारास एका गावच्या मंडळींनी बाईंना काम दिलं होतं. चौकात एक शेतकरीण उभी करायची होती, ब्राँझची. बाईंनी हातभर उंचीचा मातीचा नमुना दाखवला, मंडळींनी माना डोलावल्या. दिवाळीनंतर पूर्ण उंचीची मूर्ती पाहायला समिती आली, तेव्हा अध्यक्ष मूर्तीभोवती एक चक्कर मारून थांबले.

"बाई, ही अशी काऊन उभी हाये?"

"रोवणा करून कंबर सरळ करून राह्यली."

"म्हणजे थकली हाये."

"मंग? रोवणा केल्यावर मानूस काय नाचते?"

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "चौकात थकलेली बाई बरी नाई दिसत. येनारा-जानारा पाह्यते. तिच्या हातात धानाची पेंढी द्या, डोक्यावर पदर घ्या, चेहरा प्रसन्न करा. लक्ष्मीसारखी दिसली पाह्यजे."

"मंग लक्ष्मीच घ्या. ते बाजारात भेटते."

"बाई, ऑर्डर आमची हाये."

"ऑर्डर तुमची. पाठ तिची."

समिती परत गेली. काही दिवसांनी निरोप आला की काम रद्द. मी सांत्वनासाठी चहा करून नेला, तर बाई मिलच्या जुन्या यंत्राखाली आडव्या पडून पाना फिरवत होत्या. मालकानं सगळी यंत्रं भंगारात काढायची ठरवली होती आणि बाईंनी त्यातले बुश मागून घेतले होते. फिरणाऱ्या दांड्याखाली झीज घेण्यासाठी जो गोल तुकडा बसवतात, तो बुश. तो गनमेटलचा असतो, म्हणजे ब्राँझच. तेलानं काळे झालेले ते तुकडे त्यांनी एकेक करून वाजवले आणि पोत्यात भरले.

"समिती नाही, चौक नाही," मी म्हटलं. "आता कोणासाठी करणार?"

"तू इतिहास शिकवते नं? लोक तुह्याकडं इतिहास मागाले येतात?"

"नाही."

"पण तू शिकवते नं?"

पुढचे काही आठवडे आसपासच्या बंद मिल आणि भंगाराची दुकानं धुंडाळण्यात गेले. ओतकामासाठी त्यांनी देवाजीला गाठलं. देवाजी ओतारी. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेणाचा साचा करून पितळेचे घोडे, देव, घंटा ओतत. एवढी मोठी मूर्ती त्यानं कधी ओतली नव्हती आणि बाईंनीही मुंबईत हे काम यंत्रांच्या भट्टीत होतानाच पाहिलं होतं. दोघं अंगणात बसून तासन्‌तास वाद घालायचे. रीत साधी आहे, निदान सांगायला. मातीच्या मूर्तीवरून प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यातून मेणाची मूर्ती काढायची, मेणावर पुन्हा मातीचे थर चढवायचे. ते भाजलं की मेण वितळून निघून जातं आणि मेणाच्या जागी जी पोकळी उरते, तिच्यात धातू ओतायचा. मोठी मूर्ती असेल तर तुकड्या-तुकड्यांनी ओतून जोडायची.

पाय ओतले गेले, हात ओतले गेले. मग जानेवारीतल्या एका सकाळी धड ओतायला घेतलं. त्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला होता. देवाजी म्हणत होता, साच्याच्या पोटात ओल असेल, थांबू. बाईंनी साच्याला कान लावला, वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, "कोरडा हाये. ओत."

साचा कोरडा नव्हता. धातू आत गेला आणि एक दबका आवाज झाला, बंद खोलीत कोणी खोकावं तसा. मग साचा फुटला. बाई सगळ्यात जवळ होत्या. त्यांनी तोंड वळवलं म्हणून डोळे वाचले, पण आड आलेल्या डाव्या हातावर धातू उडाला. मी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वाटेत त्या ओरडल्या नाहीत. फक्त सारखं म्हणत होत्या, "देवाजी बराबर म्हनत होता. त्याले सांग, तो बराबर म्हनत होता."

हात वाचला, दोन बोटं मात्र कायमची वाकडी झाली. डॉक्टरांनी सांगितलं की मातीकाम विसरा. मिलमध्ये परतल्यावर बाईंनी पहिलं काय केलं, तर फुटलेल्या साच्यातून निघालेला अर्धवट तुकडा धुवायला लावला. पाठीचा वरचा भाग तेवढा ओतला गेला होता. तो भिंतीला टेकवून त्यासमोर त्या बसून राहिल्या. देवाजी मान खाली घालून म्हणाला, "बाई, प्लास्टरचा साचा शाबूत हाये. तुमचा हात बरा झाला का परत मेण भरू."

"नाई."

"काऊन?"

"हे खोटं हाये."

आम्हाला वाटलं, दुखण्यानं बोलतात. पण दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर प्लास्टरच्या साच्याचे तुकडे अंगणात पडलेले आणि बाई हातोडा टेकून उभ्या. मला खरंच राग आला. पावसाळ्यापासूनचं काम त्यांनी स्वतःच्या हातानं, तेही एका धड हातानं, फोडून टाकलं होतं. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "मातीत समजलं नाई. धातूत समजलं. मी तिले आराम करताना केली. ती आराम करत नव्हती."

"मग काय करत होती?"

"तेच तं मले पाह्यचं हाये. शेवंताले बलाव."

शेवंता गावात नव्हती. धान निघालं की आमच्या भागातली माणसं कुटुंबंच्या कुटुंबं तेलंगणात मिरची तोडायला जातात. ती नवऱ्याबरोबर गेली होती. उन्हाळ्यात येईल, असं शेजारणीनं सांगितलं. बाईंना तेवढा धीर नव्हता. हाताला पट्टी, पिशवीत मेणाची ढेप आणि चाकू, अशा त्या निघाल्या. एकट्या कशा जाऊ द्यायच्या म्हणून मी रजा टाकली. गडचिरोली, आलापल्ली, मग जंगलातून सिरोंचा, तिथून नदीचा पूल ओलांडून पलीकडे. दर ठिकाणी बस बदलत आणि माणसांना विचारत आम्ही अखेर एका शेताशी पोहोचलो.

लांबून ते शेत लाल ठिपक्यांचं दिसत होतं. जवळ गेल्यावर डोळ्यांतून पाणी आलं, खोकल्याची उबळ आली. झाडांच्या ओळींत बायका वाकलेल्या होत्या, तोंडाला पदर बांधलेले. शेवंतानं आम्हाला ओळखलं आणि ती हसतच सुटली.

"अवो बाई, इथी कुठी आल्या? अन् हाताले काय झालं?"

"तुह्या पाठीनं मारलं."

"थांबा, एवढी ओळ होऊ द्या. मुकादम बोंबलन."

"तू काम कर. मी तुह्यासाठी आलो नाई. पाह्यले आलो."

बाई ओळीच्या टोकाला बसल्या. बोटांनी मेण मऊ करता येईना, म्हणून त्यांनी ढेप उन्हात ठेवली आणि उजव्या हातानं व डाव्या तळव्यानं ते दाबत राहिल्या. मिरचीच्या खकाण्यानं जखम झोंबत असणार, पण त्यांची नजर हलली नाही. शेवंता वाकायची, तोडायची, पुढे सरकायची. मग ती उठली. तेच कमरेवरचे हात, तीच ताठ होणारी पाठ. आणि मी, इतके महिने तिला उभी राहिलेली पाहिलेली मी, पहिल्यांदा पाहिलं की तिची हनुवटी वर जाऊन लगेच खाली येते. तिचे डोळे आभाळाकडे नव्हतेच. ते समोरच्या न तोडलेल्या ओळीवर होते.

"पाह्यलं?" बाई कुजबुजल्या. "पुढची बांधी पाह्यते ती. किती राह्यलं, ते पाह्यते. अन् मी येडी, तिले आभायाकडं पाह्यले लावलं."

आमच्या भागात धानाच्या शेताचा बांध घातलेला एकेक तुकडा म्हणजे बांधी. एक बांधी रोवून झाली की बाई सरळ होते ती दुसरीचा अंदाज घ्यायला. ती समितीला थकलेली वाटली आणि बाईंना विसावलेली. दोघांचंही चुकलं होतं.

आम्ही तिथे मजुरांच्या पालांतच राहिलो. बायकांनी बाईंच्या पट्ट्या बदलल्या, आपल्या वाट्यातला भात वाढला आणि त्यांच्या मेणाच्या बाईची यथेच्छ टिंगल केली. परत निघताना बाईंच्या पिशवीत वीतभर उंचीची एक मूर्ती होती. ओबडधोबड, नाक-डोळे नसलेली. पण तिच्या पाठीकडे पाहिलं की ती आता पाऊल उचलेल असं वाटायचं.

मग सगळं पहिल्यापासून. माती, प्लास्टर, मेण. डाव्या हाताची वाकडी बोटं बाईंनी कामाला लावली. त्यांच्या वळणानं मातीत एक खोलगट रेघ उठायची, ती त्यांना आवडू लागली. पाठीच्या कण्याची जी पन्हळ त्या मूर्तीत आहे, ती त्या बोटांची आहे. धड ओतलं ते वैशाखात, चंद्रपूरच्या उन्हात, जेव्हा साच्यातच काय, माणसातही ओल शिल्लक राहत नाही. या वेळी "ओत" असं देवाजी म्हणाला. बाई देवाजीनं बांधलेल्या दोरीच्या बाहेर, मी ओढून धरल्यासारख्या उभ्या होत्या. साचा थंड झाला, फोडला, आतून पाठ निघाली. देवाजीनं तिला वाजवलं नाही की काही नाही. त्यानं नुसते हात जोडले.

एव्हाना त्या समितीच्या गावच्या चौकात फायबरची एक लक्ष्मी उभी राहिली होती, डोक्यावर पदर, हातात पेंढी. आम्ही बसनं जाताना बाईंनी खिडकीतून तिच्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "हात चांगले नाई जमले."

मूर्तीचे फोटो कोणीतरी मुंबईला पाठवले आणि हिवाळ्यात एका मोठ्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं. बाईंच्या स्वतःच्या नावानं लागलेलं हे पहिलं काम. पांढऱ्या भिंतींच्या दालनात ती मध्यभागी उभी होती, पायथ्याशी कोरलेलं: शेवंता. त्याखाली बाईंचं नाव. आयोजकांनी मूर्तीला काहीतरी भारदस्त शीर्षक सुचवलं होतं. बाई म्हणाल्या, तिचं नाव आधीच ठेवलेलं आहे, तिच्या आईनं.

सर आले. खूप थकले होते, कोणाच्या तरी आधारानं चालत होते. मूर्तीभोवती हळूहळू फिरले आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, "हात उत्तम झालेत."

"हात नेहमीच उत्तम होत होते, सर."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग बाईंचा तो वाकड्या बोटांचा हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. काय बोलले ते मी ऐकलं नाही, कारण मी तिथून दूर झाले. बाईंनीही कधी सांगितलं नाही.

त्याच दिवशी एका बड्या हॉटेलच्या माणसानं मूर्ती मागितली. स्वागतकक्षात, कारंज्याशेजारी ठेवणार होते. रक्कम ऐकून मी ती त्याला पुन्हा सांगायला लावली. बाईंनी शांतपणे विचारलं, "तिथी ती काय रोवन? गालिचा?" आणि मूर्ती ट्रकमधून परत मूलला आली.

शेवंताच्या गावाला ती द्यायची, हे बाईंनी ठरवलं होतं. गावानं ठरवलं नव्हतं. ग्रामसभा भरली. विरोध पैशांवरून नव्हता, मूर्ती फुकटच होती. एक म्हातारे भाऊ उठून म्हणाले, "जित्या मानसाचा पुतळा बसवत नसतात. ते मानूस टिकत नाई." दुसऱ्यानं विचारलं, "तिनं असं काय केलं? रोवणा तं सगळ्याच बाया करतात." यावर बऱ्याच माना हलल्या. बाई बोलायला उठल्या, पण त्यांच्या आधी शेवंता उभी राहिली होती.

"भाऊ, मेल्यावर बसवाल तं मले दिसन कसा?" सभा हसली. ती थांबली नाही. "अन् सगळ्याच बाया करतात म्हनून नाई बसवाचा, का सगळ्याच बाया करतात म्हनून बसवाचा? तुम्हीच सांगा."

मागच्या बाजूनं, जिथे बायका बसल्या होत्या, तिथून कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. म्हातारे भाऊ परत उठले आणि म्हणाले, "तलावाच्या पाळीवर बसवा. तिथून सगळं शिवार दिसते."

मूर्ती बसवली ती रोवण्याच्या दिवसांत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणली, दोर लावून उभी केली. पाहुणे नव्हते, फीत नव्हती. दुपारच्या सुटीत रांगेतल्या बायका गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन पाळीवर चढल्या. शेवंता आधी समोर उभी राहिली. "माहं नाक असं हाये?" म्हणून हसली. मग वळसा घालून मागे गेली आणि तिचं हसणं थांबलं.

"ही माही पाठ?"

"हो," बाई म्हणाल्या.

"मले तं ही कधी दिसलीच नाई."

तिनं पाठीवर तळवा ठेवला. ब्राँझ उन्हानं तापलं होतं. तिनं हात काढला, पदराला पुसला आणि पुन्हा ठेवला. मग तिच्या रांगेतली एक जण पुढे आली, बाईंकडे पाठ करून उभी राहिली आणि मान वळवून म्हणाली, "बाई, माही कशी हाये, सांगा नं."

बाईंनी तिच्या पाठीवर नजर फिरवली, वाकड्या बोटांनी खांद्याचं हाड दाबलं. "डावीकडं झुकली हाये. लेकरं तू त्याच कडेवर घेतली."

"खरं हाये वो!" ती किंचाळलीच. मग दुसरी वळली, मग तिसरी. चिखलाच्या पायांच्या त्या बायका पाळीवर पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि बाई एकेकीच्या मागे जाऊन सांगत गेल्या. कोणाची कशानं वाकली, कोणाची कुठे भरली, कोणी डोक्यावर ओझं वाहिलं, कोणी खांद्यावर. माझीही पाहिली. माझ्याबद्दल जे म्हणाल्या, ते मी इथे लिहिणार नाही.

खालून रांगेला हाका सुरू झाल्या. बायका उतरू लागल्या. शेवंता मात्र थांबली.

"अन् बाई, तुमची? तुमची कोनी पाह्यली?"

बाईंनी हातानं उडवून लावलं. शेवंतानं त्यांचा खांदा धरला आणि मला चक्क आश्चर्य वाटलं, बाई मुकाट्यानं वळल्या. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. शेवंता बराच वेळ पाहत राहिली, मग चिखलाचा हात त्या शर्टावर सपाट ठेवून म्हणाली,

"यिच्यात अजून लय काम बाकी हाये."